मोहीम परिषदेच्या खूप आधी सुरू व्हावी

स्वयंसेवी संस्थांनी संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेच्या तोंडावर मोहीम उभारावी, असं एक मत आहे; मला ते पटत नाही. तोवर देशाची भूमिका ठरलेली असते. पॅरिस करारानुसार प्रत्येक देश दर ५ वर्षांनी आपला हवामान कृती आराखडा देतो. तो लिहिला जात असतानाच संस्थांचं म्हणणं तिथे पोचायला हवं. पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या बेट-देशाचंच बघा. २०१९मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगावं, अशी मागणी लावून धरली, वानुआतूच्या सरकारनं ती उचलली, मार्च २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तसा ठराव झाला आणि जुलै २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सल्लात्मक मत आलं. सहा वर्षं लागली! विकसनशील देशांतल्या छोट्या संस्थांना इतका दीर्घ पल्ल्याचा निधी क्वचितच मिळतो, याची मला खरी काळजी वाटते.