प्रेक्षक, बघे की आणखी काही?

काल 'अनट्रेसेबल' हा सिनेमा परत बघितला. 2008 चा, ग्रेगरी हॉब्लिटचा, डायन लेन आहे त्यात. त्याच्यावर लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडकले म्हणून विचारतेय. रसभंग होणार आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी इथेच थांबा.

गोष्ट अमेरिकेतल्या पोर्टलंडची, ओरेगन राज्यातली. एक पोरगा माणसं पळवून आणतो, कॅमेऱ्यासमोर बांधून ठेवतो आणि मारायची यंत्रणा त्याच्या वेबसाइटच्या आकड्याला जोडून देतो. पहिल्या माणसाला रक्त गोठू न देणारं औषध टोचत राहतात, साइटवर लोक वाढले की औषध वाढतं आणि तो रक्त जाऊन मरतो. दुसऱ्याच्या अंगावर तापणारे दिवे, लोक वाढले की दिवे वाढतात. मी लिहिलं, 'जितके प्रेक्षक जास्त तितका मृत्यू लवकर.' अर्थ बरोबर आहे पण 'प्रेक्षक' फार खटकतोय. प्रेक्षक तर मीही होते, सिनेमाची. मला आणि त्या साइटवर जाणाऱ्याला एकच शब्द कसा लावायचा?

*

'बघे' लिहा की. साधा आपला शब्द आहे आणि त्यात तुम्हाला हवा तो कमीपणाही आहे.

*

बघे नको असं माझं स्पष्ट मत. 'बघ्याची भूमिका घेतली' असं आपण कधी म्हणतो? कुणी काही केलं नाही तेव्हा. म्हणजे दोष असतो पण तो न करण्याचा. रस्त्यात अपघात झाला, बघे जमले, आता त्यातले दहा जण घरी गेले म्हणून जखमी माणसाचं रक्त वाहायचं थांबत नाही. या सिनेमात नेमकं उलटं आहे, सगळे उठून गेले तर तो माणूस जगतो. एफबीआयवाले, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेची माणसं, पत्रकार परिषद घेऊन सांगतात की कृपा करून त्या साइटवर जाऊ नका आणि झालं, आकडा आणखी वर जातो. त्यांना बघे म्हणणं म्हणजे त्यांना सोडून देण्यासारखं आहे.

*

व्हॉयरिझमला, म्हणजे दुसऱ्याचं खासगी चोरून बघण्याच्या हावेला, प्रतिशब्द शोधताय का? भारतीय दंड संहितेत 2013 साली या गुन्ह्याचं वेगळं कलम आलं, 354 सी, आणि त्याच्या हिंदी पाठात 'दृश्यरतिकता' असा शब्द होता (ती संहिता 2024 मध्ये रद्द झाली). मराठीतही चालून जाईल. मूळ फ्रेंच शब्द अगदी साधा आहे, व्हॉयर म्हणजे बघणारा, बस. इंग्रजीत 'पीपिंग टॉम' म्हणतात तो दंतकथेतला, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत घोड्यावरून विवस्त्र जाणाऱ्या लेडी गोडायव्हाला चोरून बघणारा शिंपी, आणि कथेत तो आंधळा होतो.

*

दृश्यरतिकता कायद्यात ठीक आहे हो, पण त्यात 'रति' आहे, म्हणजे कामसुखाचा भाग आला. कायद्यातला गुन्हाही तसाच आहे, बाईला तिच्या खासगी क्षणी बघणं किंवा तिचं चित्रण करणं. या सिनेमातली हाव वेगळी आहे, माणूस मरताना बघायची. शिवाय चोरून बघण्यात ज्याला बघतात त्याला पत्ता नसतो, इथे त्या बांधलेल्या माणसाला सगळं माहीत आहे, समोरच्या आकड्यावर आपला जीव टांगलाय हेही. लपलेला आहे तो बघणारा, आपल्या घरात, दार लावून. म्हणून 'चोरून बघणं' हा आपला बोलीतला शब्दच जास्त खरा वाटतो मला, चोरटेपणा त्याच्या बाजूचा आहे एवढं वाक्यात दाखवलं की झालं.

आता थोडं लांबतंय पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या भाषेत बघणं हे कधीच नुसतं बघणं नव्हतं. 'दृष्ट लागते' म्हणतो ना, म्हणजे कुणाच्या तरी नजरेनेच इजा होते, आणि गंमत अशी की कौतुकाच्या नजरेनेही होते, वाईट हेतू लागतच नाही. 'तुला बघून घेईन' ही तर सरळ धमकी आहे. उलट 'डोळ्यांदेखत' म्हटलं की बोलणारा हतबल असतो, माझ्या डोळ्यांदेखत गेला हो तो, मी काही करू शकलो नाही. आणि साक्षी, त्यात 'अक्षि' म्हणजे डोळाच आहे, पण साक्षीदारावर नंतर सांगायची जबाबदारी येते. मग या लोकांचं बघणं कुठलं? मला तरी दृष्ट लागण्याच्या सगळ्यात जवळचं वाटतं, नजर जाते आणि माणूस मरतो.

*

वरचं वाचून अंगावर काटा आला कारण त्या सिनेमात डोळ्यांचा एक प्रसंग आहे. एफबीआयचाच एक तरुण अधिकारी, कॉलिन हँक्सने केलाय, टाकीत गळ्यापर्यंत बुडवलेला आणि पाण्यात ॲसिड वाढत चाललंय. तोंड बंद केलेलं, हात बांधलेले. तो पापण्यांनी मोर्स कोडमध्ये, म्हणजे तारेच्या लांब-आखूड खुणांच्या लिपीत, सहकाऱ्यांना माहिती देतो. मी लिहिलं होतं 'डोळे मिचकावतो' आणि लगेच खोडलं, मिचकावणं म्हणजे खोडसाळपणा, चिडवाचिडवी. 'पापण्यांची उघडझाप करतो' हेच बरोबर ना? लाखो डोळे त्याला मारतायत आणि त्याच्याकडे उरलेत फक्त स्वतःचे दोन, त्यात सुद्धा तो काम करतोय. तिथे शब्द चुकायला नको म्हणून एवढं विचारतेय.

*

उघडझाप बरोबर. 'मिटतो-उघडतो' सुद्धा चालेल, जास्त सावकाश वाटतं.

मला खटकतो तो 'व्ह्यूज' शब्द. 'दहा लाख व्ह्यूज आले.' आले म्हणजे काय, पाऊस आला तसे आले का? त्या वाक्यात कर्ताच नाही. कुणीतरी पत्ता टाइप केला, एंटर दाबलं, थांबून राहिलं, हे सगळं त्या 'आले'मध्ये गायब होतं. तसंच तुमच्या 'मृत्यू लवकर'मध्ये पण होतंय बघा. मृत्यू होत नाहीये, कुणीतरी मारतंय. त्या साइटचं नावच मुळी 'माझ्यासोबत मारा' अशा अर्थाचं आहे, त्यानेच सगळ्यांना खुनात सामील करून घेतलंय. 'सामील' हा शब्द वापरा कुठेतरी.

*

पटलं, अगदी पटलं. सामील घेतेच. आणि प्रेक्षकही नको, बघेही नको, 'बघणारे' लिहिते. बघे म्हणजे एक जमात झाली, बघणारा म्हणजे आत्ता या क्षणाला बघतोय तो आणि मनात आणलं तर पुढच्या क्षणाला थांबू शकतो तो. त्या खुनी पोराच्या वडिलांनी पुलावर आत्महत्या केलेली असते आणि ती टीव्हीवर दाखवलेली असते, मग नेटवर फिरत राहते, तिथेही मी 'लोकांनी बघितली' असंच लिहिलंय आता, 'व्हायरल झाली' नाही.

आता सिनेमाच्या नावाला मराठी शब्द सांगा. 'बेपत्ता' नाही होत, तो माणूस हरवलेला नाहीये. साइट बंद केली की दुसऱ्या सर्व्हरवरून परत उभी राहते, आयपी, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, सारखा बदलत राहतो, म्हणजे दिसते सगळ्यांना पण कुठून चाललीय ते कळत नाही.

*

'माग' वापरा. छडा शेवटी लागतो, सुगावा आधी लागतो, थांगपत्ता माणसाचा किंवा मनाचा. माग पावलांवरून काढतात, आणि इथे पावलंच दर मिनिटाला जागा बदलतायत. 'माग न लागणारा.' नाव म्हणून जरा लांब आहे पण अर्थ तोच.

*

घेतलं. पहिलं वाक्य आता असं झालंय: 'बघणारे जितके वाढतात तितक्या लवकर ते त्याला मारतात, आणि त्यातल्या एकाचाही माग लागत नाही.'