घर विकायला काढलंय, तळघरातलं ब्रूइंग काही महिने कसं थांबवायचं?

एडिसनची_भट्टी:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतलं आमचं घर विकायला काढतोय, नवऱ्याला नॉर्थ कॅरोलिनात नोकरी लागली, जूनमध्ये केरीला जायचंय आणि तिथे पहिले सहा-आठ महिने भाड्याचं अपार्टमेंट, मग सावकाश घर बघणार. मी 9 वर्षं तळघरात बिअर करते, महिन्याला 5 गॅलनची एक बॅच तरी असतेच. परवा एजंट येऊन गेली, म्हणाली तीन आठवड्यांत फोटो काढायचेत, तळघर रिकामं पाहिजे आणि वास अजिबात नको.

आता काय काय आहे ते सांगते. बादलीत पोर्टर (गडद रंगाची बिअर) आहे, आज आठवा दिवस. काचेच्या कार्बॉयमध्ये, म्हणजे मोठ्या बरणीसारख्या बाटलीत, दिवाळीत लावलेली मीड (मधाची दारू) आहे. 5 गॅलनच्या ओकच्या पिंपात दीड वर्षाची आंबट बिअर आहे. शिवाय चार केग (बिअर भरायच्या स्टीलच्या टाक्या), सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, टॅप बसवलेला चेस्ट फ्रीझर, अर्धं पोतं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली). आणि फ्रिजमध्ये एका बरणीत माझं यीस्ट, दरवेळी स्टार्टर (बॅचआधी यीस्ट वाढवायचं छोटं मिश्रण) थोडा जास्त करून बाजूला काढत चार वर्षं टिकवलेलं.

रात्री दिवे बंद करून जिन्याजवळून जाताना खालून एअरलॉकची (आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेची) बुडबुड ऐकू येते, ती बंद होणार म्हटलं की पोटात कालवाकालव होते. नवरा म्हणतो विकून टाक सगळं, तिकडे नवं घे. मला नाही विकायचं. असं मधेच थांबवून परत सुरू केलेलं कोणी आहे का? काय ठेवू, काय देऊन टाकू?

माल्टवाला_डलास:
ताई, मी दोनदा गेलोय यातून, त्यामुळे सविस्तर लिहितो. आजपासून नवीन बॅच लावायची नाही, शेवटची एक म्हणूनसुद्धा नाही. उकळताना येणारा वास पडद्यांना दोन दिवस धरून बसतो.

पोर्टरची मात्र घाई करू नका. हायड्रोमीटरचं (बिअरची घनता, म्हणजे किती साखर उरली ते दाखवणाऱ्या नळीचं) रीडिंग दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा सारखं आलं तरच ती झाली समजा. साखर शिल्लक असताना बाटल्या भरल्या तर त्या फुटतात, आणि जूनच्या उन्हात ट्रकमध्ये तर हमखास. तुमच्याकडे केग आहेत तर सरळ केगमध्ये भरा, जाण्याआधी मित्रमंडळींना बोलवा आणि संपवा. रिकामे केग धुवून, सॅनिटाइझ करून, आत 10 पीएसआयच्या आसपास दाबाने सीओटू भरून बंद ठेवा. आतून स्वच्छ राहतात आणि सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह दाबल्यावर फुस्स आवाज आला नाही तर कुठलं तरी रबर गेलंय हे तेव्हाच कळतं. टॅपच्या नळ्या टाकून द्या, नव्या स्वस्तात येतात.

सिलिंडर मूव्हर्स घेत नाहीत, प्रोपेनची टाकी पण नाही. सिलिंडरच्या मानेवर टेस्टची तारीख कोरलेली असते, दर 5 वर्षांनी टेस्ट लागते, तर ती जवळ आली असेल तर इथेच परत करा आणि तिकडे भरलेला घ्या. स्वतःच्या गाडीतून नेणार असाल तर नीट बांधून, उभा, आणि काचा थोड्या खाली.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. टॅप भिंतीला किंवा बारला पक्के बसवले असतील तर घर घेणारा ते घराचाच भाग धरतो. फोटोच्या आधी काढून भोक बुजवा, नाहीतर करारात स्पष्ट लिहून घ्या की हे आम्ही नेणार. माझा तीन टॅपचा टॉवर असाच गेला, अजून हळहळ वाटते. चेस्ट फ्रीझर कोरडा करून झाकणात काहीतरी अडकवून उघडा ठेवा, नाहीतर बुरशी येते. आणि नेताना उभाच न्यायचा.

हात_भाजलेली:
काचेचा कार्बॉय ठेवू नका, प्लीज. ओल्या हाताने उचलला, कडेला आपटला, तळव्याला अकरा टाके आणि करंगळी अजून पूर्ण मिटत नाही. मीड बाटल्यांमध्ये भरा. भरलेला कार्बॉय गाडीत घालून बूच लावाल तर गरम झाल्यावर बूच उडतं आणि एअरलॉक ठेवाल तर हिंदकळून पाणी आत जातं.

विरजणवाला_केरी:
एडिसनताई, मी केरीतच राहतो. यीस्टचं सांगतो. आपल्याकडे गावाला जाताना आई शेजारच्या काकूंकडे विरजण ठेवायची ना, आल्यावर वाटीभर परत आणायची, तसंच करा. बरणीतलं निम्मं तिथल्या एखाद्या ब्रू करणाऱ्याला द्या, निम्मं कूलरमध्ये बर्फ घालून स्वतःबरोबर आणा आणि माझ्याकडे ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एक छोटा स्टार्टर करून ताजं करत राहीन, मला काही कष्ट नाहीत. फ्रिजमध्ये नुसतं सहा-आठ महिने पडलं तर बरंचसं मरतं, म्हणून कोणीतरी ते हलतं ठेवायला हवं.

पिंपाचं मात्र अवघड आहे. भरलेलं पिंप हलवू नका, बिअर बाटल्यांत किंवा केगमध्ये काढा. पण लाकूड रिकामं ठेवलं की वाळतं, फळ्या आकसतात आणि मग गळतं. सायट्रिक अ‍ॅसिड आणि मेटाबायसल्फाइटचं पाणी भरून ठेवता येतं पण अपार्टमेंटमध्ये ते सांभाळत बसणार का? मी तुमच्या जागी असतो तर ज्याच्याकडे लगेच भरायला बिअर तयार आहे अशा माणसाला पिंप देऊन टाकलं असतं. लाकडाला काम लागतं.

माल्ट दळलेला नसेल तर हवाबंद डब्यात वर्षभर आरामात राहतो. पोत्यात ठेवू नका, टोके झाले आणि घर बघायला आलेल्या बाईंच्या बोटावर एक चढला तर कठीण आहे. हॉप्स (बिअरला कडू चव आणि वास देणारी फुलं) फ्रीझरमधून बाहेर राहिले की वास जातो, ते वाटून टाका.

पुण्याला_परतलेला:
थोडं वेगळं लिहितो. मी 2019 ला पुण्याला परत आलो तेव्हा सगळं देऊन आलो, कारण महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, मग ती स्वतःसाठी का असेना. अमेरिकेत 1978 ला कायदा झाला, फेब्रुवारी 1979 पासून लागू, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत चालतं. ताई, तुम्ही फक्त राज्य बदलताय आणि तिकडेही हे चालतं, तर केग विकू नका. मला रोज आठवतात.

माल्टवाला_डलास:
+1. आणि अपार्टमेंटमध्ये अगदीच राहवलं नाही तर 1 गॅलनची बॅच गॅसवर होते, मोठा कुकर चढवतो तेवढ्याच जागेत. कोरडं यीस्ट वापरा, बरणीतलं मोठ्या घरासाठी राहू दे.

एडिसनची_भट्टी:
सगळ्यांचे मनापासून आभार. पोर्टरचं रीडिंग आज 1.014 आलं, परवाही तेवढंच होतं, शनिवारी ती केगमध्ये जाईल. मीडच्या 23 बाटल्या झाल्या, कार्बॉय रिसायकलिंगला गेला. पिंप इथल्या एका ओळखीच्याने नेलं, त्याच्याकडे सेझॉं नावाची बिअर तयार होती, त्याच संध्याकाळी भरलं आणि फोटो पाठवला, फळ्यांच्या सांध्यावर एक थेंब नाही. टॅप काढले, भोकाला पुट्टी लावली, रंग अजून ओला आहे.

विरजणवाला, बरणी घेऊन 14 जूनला संध्याकाळपर्यंत पोचते, पत्ता मेसेज करा. झाकणावर तारीख घातली आहे, आणि ते 68 फॅरनहाइटच्या वर गेलं की केळ्यासारखा वास सोडतं, तेवढं जपा.