जुन्या ब्रँडेड कॅबिनेटच्या पुढच्या वायरी नव्या मदरबोर्डला जोडायच्या, की कॅबिनेटच फेकायचं?

खटपट्या:
एका ब्रँडेड डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला. कॅबिनेट मात्र ठणठणीत आहे, पत्रा जाड, बटण मस्त टकटक वाजतं. बाकी सगळं तपासलं, साधा मायक्रो एटीएक्स मापाचा बोर्ड आत बसतो, स्क्रूची भोकं जुळतात, एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) कनेक्टर नेहमीचा २४ पिनचा. घोडं अडलंय पुढच्या बटणाच्या वायरींपाशी. साध्या कॅबिनेटला पॉवर स्विच, रिसेट, एचडीडी एलईडी (हार्ड डिस्कचा दिवा) अशी लेबलं लावलेली सुटी सुटी टोकं असतात ना, इथे तसलं काही नाही, दहा भोकांचा एक काळा ठोकळा आणि त्यात सहा वायरी, शिवाय बोटभर लांबीची एक वायर त्याच ठोकळ्याच्या एका भोकातून निघून दुसऱ्या भोकात शिरलेली. एकावरही काही लिहिलेलं नाही.

ज्याला विचारलं तो म्हणतो "ते कंपनीचं असतं, फेकून दे, नवीन कॅबिनेट घे". मला हे पटत नाही. शेवटी बटण म्हणजे काय, दाबलं की दोन तारा जुळतात, बास. सहा वायरींसाठी अख्खं कॅबिनेट भंगारात घालायचं म्हणजे गुंडी तुटली म्हणून शर्ट टाकण्यातला प्रकार. माझं मत, अर्ध्या तासाचं काम आहे आणि ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो त्याला जमेल. तुमचं काय म्हणणं?

सरळमार्गी:
असहमत. वायरी हा नुसता ट्रेलर आहे हो, पिक्चर पुढे आहे. ब्रँडेड कॅबिनेटच्या मागे पोर्टांची पट्टी बऱ्याचदा पत्र्यातच ठोकलेली असते, सुटी निघत नाही, म्हणजे पत्रा कापणं आलं. एखादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो पितळी खुंट) चुकीच्या जागी राहिला आणि बोर्डाच्या पाठीला टेकला की शॉर्ट. पुढून हवा यायला जागा नसते ते वेगळंच. आणि वायरींचं म्हणाल तर एक पिन उलटी लागली की नवा बोर्ड खलास. हे अर्ध्या तासाचं काम नाही, रविवार जातो.

मीटरवाली:
सरळमार्गी, पट्टीचं आणि स्टँडऑफचं बरोबर आहे पण "एक पिन उलटी लागली की बोर्ड खलास" हे चूक आहे आणि याच भीतीपायी लोक हात लावत नाहीत. पॉवर स्विचला उलटसुलट नसतंच. दोन पिना क्षणभर जुळल्या की बोर्डाला कळतं चालू व्हायचंय, कुठली वायर कुठल्या पिनवर आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून तर कॅबिनेट नसताना लोक त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून बोर्ड चालू करतात. रिसेटचंही तसंच. दिशा फक्त दिव्यांना असते, आणि दिवा उलटा लागला तर लागत नाही एवढंच, काढा आणि फिरवून लावा.

बोर्डाकडची बाजू तर अजून सोपी. इंटेलने हा आराखडा ठरवून दिलाय आणि आजकालचे बहुतेक बोर्ड तोच पाळतात: पाच पिनांच्या दोन रांगा, दहावी पिन मुद्दाम गाळलेली, म्हणजे प्रत्यक्षात नऊ. १ आणि ३ हार्ड डिस्कचा दिवा, १ प्लस. २ आणि ४ पॉवरचा दिवा, २ प्लस. ५ आणि ७ रिसेट. ६ आणि ८ पॉवर बटण. नववी मोकळी सोडायची. गाळलेली पिन शोधली की बाकीच्या आपोआप मोजता येतात. तरी आपल्या बोर्डाचं मॅन्युअल एकदा बघाच, काहींचा क्रम वेगळा असतो.

ठोकळ्याच्या बाजूला मल्टीमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवा, दोन भोकांत टोकं लावा आणि बटण दाबा. जी जोडी बटण दाबून धरल्यावरच वाजते ती स्विचची. न दाबताच सतत वाजते ती जोडी म्हणजे तुमची ती बोटभर वायर, जुन्या बोर्डाला "केबल लावलेली आहे" हे सांगण्यापुरती असते, नव्या बोर्डाला तिचं काम नाही. दिव्यांसाठी बोर्डावरचा गोल सेल, ३ व्होल्टचा सीआर२०३२, तो काढून त्याच्या दोन बाजूंना वायरी टेकवा. लागला तर प्लस मायनस कळलं, नाही लागला तर सेल पालटा.

खटपट्या:
हेच हवं होतं, धन्यवाद मीटरवाली ताई. आज रात्री बसतो.

कातरीबहाद्दर:
मीटर वगैरे कशाला एवढा घोळ. ठोकळा कापा, सहाही वायरी सोला, बटणाच्या मागे कुठल्या दोन जातात ते डोळ्यांनी दिसतं की. दुसऱ्या एखाद्या जुन्या कॅबिनेटमधली टोकं घ्या, पीळ मारा, टेप गुंडाळा, झालं. मी असे तीन पीसी केलेत, कधी अडलं नाही.

सरळमार्गी:
हे बघा, हेच म्हणतोय मी. पीळ मारून टेप! ती टेप वर्षभरात उष्णतेने चिकट होते, निसटते, आणि मग उघडी तार कॅबिनेटच्या पत्र्याला लागली की पीसी आपोआप चालू बंद व्हायला लागतो आणि माणूस रॅम बदलत बसतो. शिवाय एकदा कापलं की परत जुना बोर्ड दुरुस्त होऊन आला तरी लावता येत नाही. बाजारात तयार अ‍ॅडॉप्टर वायरी मिळतात काही मॉडेलांसाठी, निदान त्या तरी घ्या.

मीटरवाली:
टेपच्या बाबतीत सरळमार्गींना +१. पण कापायची गरजच नाहीये. ठोकळा नीट उजेडात धरून बघा, प्रत्येक भोकाच्या बाजूला एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात प्लास्टिकची बारीक जीभ. आतल्या धातूच्या टोकाला ती अडकवून धरते. सुईने ती जीभ केसभर उचलायची, अगदी केसभरच, जास्त उचलली की मोडते, आणि दुसऱ्या हाताने वायर हळूच मागे ओढायची. टोक अख्खं बाहेर येतं, वायरीला धक्का नाही. पहिल्या पिनेला माझी दहा मिनिटं गेली होती आणि दुसरी दहा सेकंदांत निघाली. ओढताना जोर लागतोय असं वाटलं तर थांबायचं, जीभ सुटलेली नाही असं समजायचं. बहुतेक ठोकळ्यांतली भोकं २.५४ मिलिमीटर अंतराची असतात, बोर्डावरच्या पिनांचंही तेच अंतर, म्हणजे निघालेलं टोक सरळ दोन भोकांच्या सुट्या खोळीत घालून बोर्डावर चढवता येतं. साध्या कॅबिनेटचा पॉवर दिवा कधी कधी तीन भोकांच्या खोळीत येतो आणि मधलं भोक रिकामं असतं ना, तो बोर्डावर बसत नाही म्हणून लोक वैतागतात, त्यालाही हाच इलाज. एक टोक काढायचं आणि मधल्या भोकात सरकवायचं.

आणि ज्यांना सुईचाही कंटाळा आहे त्यांनी जंपर वायरी घ्याव्यात, एका टोकाला पिन, दुसऱ्याला भोक. पिनेची बाजू ठोकळ्यात खुपसा, भोकाची बोर्डावर. ठोकळा शाबूत, जुना बोर्ड परत आला तर वायरी उपटा की पूर्ववत.

कातरीबहाद्दर:
जंपर वायर हलवलं की निघते. पीळ निघत नाही.

मीटरवाली:
पीसी रोज हलवता का तुम्ही?

जळलेलापोर्ट:
मधेच घुसतो. माझा आयडी बघून कळलं असेल. बटणांचं जे चाललंय ते चालू द्या पण पुढच्या यूएसबीला या नियमाने हात लावू नका. मी लावला होता. जुन्या कॅबिनेटमध्ये यूएसबीच्या वायरी एकेक सुट्या होत्या, चार लाल पांढऱ्या हिरव्या काळ्या आणि आणखी चार तशाच. मला वाटलं लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, शाळेतल्या पोराला कळेल. एका पोर्टात बरोबर निघालं. दुसऱ्यात कारखान्यातल्या कोणी तरी लाल आणि काळी अदलाबदल करून ठेवली होती, पेन ड्राइव्ह लावला, दोन सेकंदांत तापला, तिसऱ्या सेकंदाला वास आला. आतले लग्नाचे फोटो दुसरीकडे होते म्हणून घटस्फोट वाचला.

तेव्हा रंगावर विश्वास ठेवायचा नाही. डेटाच्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तर फक्त डिव्हाइस ओळखत नाही, पण ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलटलं तर समोर जे लावाल ते मेलं. पोर्टाच्या आतल्या पत्तीपासून वायरीच्या टोकापर्यंत मीटर लावून एकेक वायर तपासा मगच. आणि निळा यूएसबी ३ असेल तर विषयच सोडा, त्यातल्या जोड्या गुंफलेल्या आणि वर आवरण असलेल्या असतात, ५ गिगाबिटचा सिग्नल पीळ मारलेल्या तारेतून नीट जात नाही. अजून एक, फार जुन्या बोर्डांवर फायरवायरचं (कॅमेरे वगैरे जोडायच्या जुन्या पोर्टाचं) हेडर, म्हणजे बोर्डावरचा पिनांचा गट, यूएसबीच्या हेडरसारखंच दिसायचं, नऊच पिना, पण त्यात १२ व्होल्ट. तिथे यूएसबीची केबल लावून हात पोळलेली मंडळीही असतील इथे.

सरळमार्गी:
म्हणजे बटण चालेल, दिवे चालतील, आणि पुढचे यूएसबी मेलेले. मग ते कॅबिनेट ठेवून उपयोग काय? पेन ड्राइव्ह लावायला रोज टेबलाखाली वाकायचं?

जळलेलापोर्ट:
मेलेले नाहीत हो, तपासून लावा म्हटलं. टेबलाखाली वाकण्यापेक्षा बरं.

एटीकाळातला:
तुमच्या भीत्या वाचून गंमत वाटते. एटीएक्स ही आजची पद्धत येण्याआधी, म्हणजे १९९५ च्या आधीचे पीसी ज्यांनी जोडलेत त्यांना आठवेल, पुढच्या पॉवर बटणात थेट भिंतीतली लाईन यायची. एसएमपीएसमधून चार जाड वायरी निघायच्या, तपकिरी, निळी, काळी, पांढरी, आणि त्या बटणाच्या मागे चुकीच्या लावल्या तर शॉर्ट, घराचा फ्यूज उडायचा. आता बटणावर काय असतं, फार तर ५ व्होल्ट. बोर्ड ते वाचतो आणि एसएमपीएसला चालू व्हायला सांगतो. चार सेकंद दाबून धरलं की बंद, तेही बोर्डच ठरवतो. तेव्हा बिनधास्त करा, फक्त काम करताना एसएमपीएसचा मागचा खटका बंद ठेवा नाही तर प्लग काढा, कारण पीसी बंद असला तरी बोर्डात ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा खेळत असतो.

अवांतर: पॉवर बटण तुटलं असेल तर रिसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावा, रिसेट बटणाने पीसी चालू होतो. आमच्याकडे एक पीसी असाच सहा वर्षं चालला. नवीन माणूस आला की मोठं बटण दाबत उभा राहायचा.

कानसेन:
पुढच्या हेडफोनबद्दल कोणीच बोललं नाही. जुन्या कॅबिनेटची ऑडिओ वायर एसी९७ ची (आवाजाच्या जुन्या पद्धतीची) असेल आणि बोर्ड एचडी ऑडिओचा (नव्या पद्धतीचा), तर कनेक्टर बसतो, आवाजही येऊ शकतो, पण हेडफोन लावला की बोर्डाला कळत नाही कारण जुन्यात ती ओळखण्याची वायरच नसते. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एसी९७ निवडायची सोय असेल तर निवडा, नाही तर साउंडच्या सॉफ्टवेअरमध्ये जॅक ओळखणं बंद करा. वायरी कापत बसू नका.

खटपट्या:
अपडेट. पीसी चालू झाला!! सुईने टोकं काढली, एक जीभ मोडली, ती वायर आता टेपने धरलीय (सरळमार्गी, बघू नका). स्विच पहिल्या फटक्यात. पण पॉवरचा दिवा केशरी लागतोय, आधी हिरवा असायचा. बोर्डात काही फॉल्ट आहे का? बूट तर होतोय.

मीटरवाली:
फॉल्ट नाही. दोन पायांचा दोन रंगी दिवा आहे तो, आत दोन दिवे पाठीला पाठ लावून. एका दिशेने हिरवा, उलट्या दिशेने केशरी. दोन्ही दिशांनी लागतो म्हणून सेलवर तपासताना रंग बघायला हवा होता, हे मी सांगायला विसरले. २ आणि ४ वरची खोळ फिरवून लावा. आणि गंमत म्हणजे इंटेलच्या आराखड्यात या दिव्याची सोयही आहे, पीसी झोपेत गेला की बोर्ड त्या दोन पिनांची दिशा पालटतो आणि केशरी लागतो. सगळे बोर्ड करत नाहीत हे, बरेच जण नुसतं लुकलुकवतात.

खटपट्या:
हिरवा आला! आणि स्लीपला टाकला तर खरंच केशरी. मी तीनदा झोपवून उठवला.

सरळमार्गी:
अभिनंदन, मनापासून. आता मागच्या बाजूचा फोटो टाका.

खटपट्या:
मागची बाजू उद्या. पट्टी पत्र्यातच आहे, तुम्ही म्हणालात तशी. १५९ बाय ४४.५ मिलिमीटरची खिडकी कापावी लागणार असं दिसतंय. बोर्ड सध्या कॅबिनेटशेजारी पुठ्ठ्यावर आहे, वायरी कशाबशा पोचतात.

सरळमार्गी:
अर्धा तास ना?

कातरीबहाद्दर:
पत्रा कापायची कातरी आहे माझ्याकडे.