मदत हवी आहे: 'टेमेरेअर' मालिकेचा सहावा भाग गाळला तर चालेल का?

नमस्कार मंडळी,

नेओमी नोविक यांची ही मालिका ज्यांनी शेवटपर्यंत वाचलीय त्यांचा सल्ला हवाय. एकूण ९ पुस्तकं, पहिलं २००६ चं, शेवटचं २०१६ चं. आम्ही सहाव्यात अडकलोय.

आम्ही म्हणजे मी आणि आबा. काचबिंदूमुळं त्यांना आता छापील अक्षर दिसत नाही. जन्मभर करवीर नगर वाचन मंदिरातून ऐतिहासिक कादंबऱ्या आणून वाचलेला माणूस! म्हणून रोज रात्री जेवणं उरकली की मी इंग्रजी पुस्तक समोर धरते आणि मराठीत सांगत जाते. नेपोलियनच्या लढाया आहेत, फक्त दोन्हीकडं ड्रॅगनांची दलं. टेमेरेअर हा इंग्रजांकडचा ड्रॅगन आणि लॉरेन्स त्याचा कप्तान. आधी आबा म्हणाले, "पोरांची गोष्ट दिसतीया." पण पहिल्याच भागात लेव्हिटास आला. छोटासा निरोप्या ड्रॅगन, त्याचा कप्तान रँकिन त्याच्याकडं ढुंकून बघत नाही, अंगावरचा साज मळलेला. तो मरताना लॉरेन्स त्या रँकिनला ओढून त्याच्यापाशी आणतो. ते सांगताना माझा आवाज गेला. आबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "साठमारीतल्या हत्तीचंबी असंच. माहुतावर जीव असतोय त्याचा." (साठमारी म्हणजे पूर्वीचा हत्तीला डिवचून खेळायचा खेळ.)

तेव्हापासून आबांना रोज पुढचं ऐकायचं असतं. पाचव्या भागात वेलस्ली आला तर ताडकन उठून बसले, "ह्यो तर आपल्या असईचा!" १८०३ ला असईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा तोच हा. त्याच भागात ड्रॅगन स्वतःची पलटण उभी करून पगार मागतात, हे त्यांना फार आवडलं. मलाही तोच भाग सगळ्यात सरस वाटतो. लढाई आहेच, पण ज्यांच्या जिवावर ती चालते त्यांना मोल काय, हा प्रश्न लेखिका सोडत नाही.

आणि मग सहावा. फ्रेंच ड्रॅगनांना औषध नेऊन दिलं म्हणून लॉरेन्सला फाशीऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा, दोघं ऑस्ट्रेलियात. सिडनीत गव्हर्नर ब्लायला पदावरून हटवल्याचा गोंधळ आहे (ते बंड खरंच १८०८ मध्ये झालं होतं), तिथवर ठीक. पण ड्रॅगनचं अंडं चोरीला गेल्यावर नुसता पाठलाग. तांबडी माती, पाण्याचा शोध, परत तांबडी माती. आबांचा डोळा लागतो. त्यात रँकिन परत उगवलाय. नाव ऐकलं की ते कूस बदलून भिंतीकडं तोंड करतात.

मला स्वतःला हा भाग अगदीच टाकाऊ वाटत नाही. सगळं गमावलेली दोन माणसं (टेमेरेअरला मी माणूसच म्हणते) आता कशासाठी जगायचं ते शोधतायत, आणि त्याला संथपणा लागतोच. एकटी असते तर वाचला असता. पण आबा दिवसभर या एका तासाची वाट बघतात, तो झोपेत जाऊ नये.

तर सांगा, सहावा चार वाक्यांत सांगून थेट सातव्यावर गेलो तर पुढं कुठं अडेल का? की यातली एखाददोन प्रकरणं सांगायलाच हवीत? कुठली, तेवढंच सांगा. शेवट फोडू नका, आबांना उत्तरं मीच वाचून दाखवणार आहे.