शब्दचर्चा : ‘अप्रभावी’ आहे, तर मग संपलं काहून नाही?

धंतोलीकर : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचं माहितीपत्रक मराठीत करतोय, विदर्भातल्या गावांसाठी. ‘अप्रभावी जनुक’ लिहिलं की वाचणारे विचारतात, अप्रभावी आहे तर आजवर संपलं काहून नाही? दुसरा शब्द सुचवा.

महालकर : शाळेच्या पुस्तकात प्रभावी-अप्रभावीच आहे, तेच ठेवा. हा घोळ मराठीनं घातलेला नाही. आखूड बोटांचा दोष प्रभावी, म्हणजे काळाच्या ओघात चारांतल्या तिघांची बोटं आखूड व्हायला हवीत, असं संख्याशास्त्रज्ञ यूल म्हणाले म्हणे. आनुवंशशास्त्रज्ञ पनेटनं हा प्रश्न क्रिकेटमधल्या दोस्तापुढे टाकला. तो दोस्त म्हणजे गणितज्ञ हार्डी, रामानुजनला केंब्रिजला बोलावणारा. त्यानं 1908 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाला छोटंसं पत्र धाडलं : जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. गणित म्हणाल तर (अ+ब)² च्या पलीकडचं नाही, आणि एवढं जीवशास्त्रवाल्यांना ठाऊक असायला हवं होतं, असा सूर. श्टुटगार्टच्या डॉक्टर वाइनबर्ग यांनी काही महिने आधीच हे जर्मनमध्ये मांडलं होतं. सूत्राला त्यांचं नाव जोडायला बराच काळ गेला.

आता हिशेब. शंभर जनुकांत दहा सिकलची धरा. लग्नं जनुक न बघता जमली तर 10,000 माणसांत 100 एसएस (दोन्ही जनुकं सिकलची, म्हणजे आजारी), 1,800 एएस (एकच सिकलचं, म्हणजे वाहक), 8,100 एए (एकही नाही). सिकलची जनुकं मोजा : 200 अधिक 1,800, म्हणजे 20,000 पैकी 2,000. पुन्हा दहा टक्केच! प्रभावी म्हणजे जोडीत एकच असलं तरी दिसणारं, वाढणारं नव्हे.

सीताबर्डीकर : त्यातही भानगड आहे. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या साह्यानं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या रक्ततपासणीत, एएसवाल्याचे दोन्ही पट्टे उमटतात. तिथं सहप्रभावी, म्हणजे दोन्ही सोबतच दिसणारं, म्हणावं लागतं. आजार अप्रभावी, हिमोग्लोबिन सहप्रभावी.

धंतोलीकर : पण भाऊ, लग्नं तर जातीतच होतात आपल्याकडे.

महालकर : म्हणूनच सगळ्या नागपूरला एकच सूत्र लावलं तर एसएस अपेक्षेपेक्षा जास्त निघतील. शिवाय एसएसची मुलं दगावतात, एएसवाल्यांना गंभीर मलेरियापासून बचाव मिळतो. हार्डीच्या सूत्रात यातलं काहीच धरलेलं नाही.

सीताबर्डीकर : पत्रकात ‘अप्रभावी’ गाळलं तरी चालेल. ‘एएस पॅटर्न, म्हणजे वाहक’ लिहा, गावात ‘पॅटर्न’ सगळ्यांना कळतं. आणि ‘दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल एसएस होण्याची चारात एक शक्यता’ यातला ‘प्रत्येक’ ठळक छापा. नाहीतर एक मूल एसएस झालं, आता पुढचे तीन सुटले, असं धरून चालतात लोक.