बाबांना पेसमेकर आहे, प्रोस्टेटचा एमआरआय होईल का?

बाबा ७४ वर्षांचे, आम्ही मुलुंडला राहतो. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १४ आला म्हणून युरोलॉजिस्टनी एमआरआय सांगितला. सेंटरवर 'पेसमेकर' म्हटल्याबरोबर काउंटरवरच्या मुलीने फाइल परत सरकवली, उघडलीसुद्धा नाही. बाबा तेव्हापासून गप्प आहेत. कुणाला अनुभव?

उत्तर १
आधी पेसमेकरचं कार्ड शोधा. आमच्याकडे ते देवघराच्या खणात निघालं! त्यावरचा मॉडेल नंबर कार्डिऑलॉजिस्टना दाखवा. पेसमेकर आणि त्याच्या वायरी, दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या हव्यात; नुसता डबा नवा असून भागत नाही. स्कॅनच्या आधी टेक्निशियन पेसमेकर एमआरआय मोडवर (स्कॅनपुरत्या सुरक्षित सेटिंगवर) टाकतो, नंतर पूर्ववत करतो. त्याची वेळ आधीच पक्की करा, नाहीतर लोकलची खेप फुकट.

उत्तर २
मी स्वतः प्रोस्टेट कॅन्सरचा पेशंट, दादरचा; पेसमेकर मलाही आहे. पेट-सीटी स्कॅनमध्ये एमआरआयसारखा चुंबक नसतो, त्यामुळे ते निर्धास्त झालं. रेडिएशनही घेतलं. प्रोस्टेट छातीपासून लांब, तरी डॉक्टरांनी किरणांची ऊर्जा १० एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) वर नेली नाही आणि पेसमेकर मधूनमधून तपासला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बायोप्सीआधी सांगा, पण मनाने बंद करू नका.

मूळ प्रश्नकर्ती
कार्ड मिळालं, लाइट बिलांच्या पिशवीत! वायरींचा नंबरही आहे. सोमवारी कार्डिऑलॉजिस्टकडे जातोय.