सांत्वन 'करणे' की 'देणे'?

ओळअनोळखी : आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका घरातला तरुण मुलगा गेला. प्रार्थनासभेच्या पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे आला आहे. मी लिहिलं, 'सर्व सांत्वनदाता देव या कुटुंबाला सांत्वन देवो.' छापखान्यातल्या काकांनी लाल खूण करून परत पाठवलं. म्हणाले, सांत्वन करतात, देत नाहीत. काय ठेवू? उद्या छपाईला जायचंय.

मुळाक्षर : काकांचं चूक नाही. सांत्वन हे क्रिया सांगणारं नाम आहे, म्हणून 'कुटुंबाचे सांत्वन करणे'. दिलासा, धीर, आधार या द्यायच्या गोष्टी. संस्कृतात सान्त्व म्हणजे गोड बोलून शांत करणं. अमरकोशात तो 'साम'चा पर्याय म्हणून येतो, साम-दाम-दंड-भेदातला तोच साम. रुसलेल्या शेजारी राजाला गोडीगुलाबीनं वळवणं हेही सांत्वनच. (काही मंडळी समाचाराला येऊन ज्या सुरात बोलतात, त्यावरून हा जुना अर्थ अजून जिवंत असावा.)

पाटावरवंटा : घरात बोलताना सांत्वन म्हणतं कोण? ते पेपरात मंत्री करतात. आम्ही 'भेटून येतो' नाहीतर 'समाचाराला जातो'. त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भात जातो. बाहेरून मराठी शिकणाऱ्यांसाठी : 'समाचाराला गेलो' आणि 'समाचार घेतला' यांची अदलाबदल करू नका, महागात पडेल.

केडगावकडचा : 'सर्व सांत्वनदाता देव' हे शब्द बायबलमधले, करिंथकरांस प्रेषित पौलाने लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीचे, अध्याय 1, ओवी 3. पुढच्याच ओळीत तो म्हणतो की देव आमच्या संकटांत आमचं सांत्वन करतो, ते अशासाठी की त्याच सांत्वनाने आम्हांला इतर संकटग्रस्तांचं सांत्वन करता यावं. म्हणजे ते पौलापाशी थांबत नाही, त्याच्या हातून पुढच्याकडे जातं. तिसऱ्या ते सातव्या ओवीत मूळ ग्रीकमध्ये हा शब्द नाम आणि क्रियापद मिळून 10 वेळा आलाय. पॅराक्लेसिस. पॅरा म्हणजे जवळ, कॅलेओ म्हणजे बोलावणे. त्यात गोड बोलण्यापेक्षा जवळ येण्याला वजन आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी याच कुळातला शब्द आहे, तिथे मराठीत 'कैवारी' केलंय. कैवारी! बाजू घेऊन उभा राहणारा. मला तो सांत्वनदात्यापेक्षा जास्त भावतो.

याचं माणसातलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. पदरात लहानगी मनोरमा. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा याच बाई तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-विधवांना आपल्याकडे घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून सोप्या मराठीत बायबल उतरवायला त्या ग्रीक-हिब्रू शिकल्या. मनोरमा 1921 मध्ये गेली, रमाबाई 1922 मध्ये. शेवटच्या वर्षांतही भाषांतराचं काम चालूच होतं.

मुळाक्षर : मग मी माझं थोडं वाढवतो. 'सांत्वनदाता' या समासातच सांत्वन देण्याजोगी वस्तू झाली. उपासनेच्या मराठीत 'सांत्वन मिळो', 'सांत्वन पावलो' हे सर्रास चालतं. जे मिळतं तेच दुसऱ्याला देता येतं. जे नुसतं 'केलं' जातं ते केलं की संपलं. केडगावकडचा यांनी सांगितलेला अर्थ 'देवो'मध्येच बसतो. पत्रिका मंडळीची आहे, 'देवो' ठेवा. वर्तमानपत्रासाठी असती तर 'करो' म्हटलं असतं.

पाटावरवंटा : काकांना हे सगळं समजावणार कोण?

रात्रपाळी : मी वॉर्डात काम करते. 'देवाची इच्छा' हे शब्द पहिल्या दिवशी कुणाच्याही तोंडी नकोत, खरे असले तरी. बायबलमधल्या, मुलंबाळं आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि घोळ झाला. वैतागून तो त्यांना कुचकामी सांत्वनकर्ते म्हणतो. आमच्याकडे एक आजी यायच्या, स्वतःचा मुलगा याच वॉर्डात गमावलेल्या. कुणी गेलं की त्या नातेवाइकांच्या शेजारी बाकावर बसायच्या, पाण्याची बाटली उघडून हातात द्यायच्या आणि विचारायच्या, 'नाव काय हो लेकराचं?' माणूस बोलायला लागायचा. बऱ्याच वेळानं, तेही समोरच्यानं म्हटलं तर, प्रार्थना. याला 'करणे' म्हणायचं की 'देणे' ते तुम्ही ठरवा.

ओळअनोळखी : 'देवो' ठेवतेय. आणि पत्रिकेत मुलाचं नाव वर, मोठ्या टाइपात घेते. ते तळाशी बारीक अक्षरात गेलं होतं.